दोन खांबांच्या आतल्या कडा

सर रात्री दहा ते सकाळी सहाच्या दरम्यान केव्हातरी गेले. दहाला शेजाऱ्यांनी त्यांच्या खोलीतला दिवा बंद होताना पाहिला होता आणि सहाला दूधवाल्यानं कडी वाजवली तेव्हा दार उघडलं नाही. यापेक्षा नेमकं कोणालाच सांगता आलं नाही. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांच्या मनासारखी झाली असेल, आणि ती पाहायला ते नव्हते.

शोकसभा शाळेच्या सभागृहात झाली. फोटोला हार होता, उदबत्ती होती, पंखा उदबत्तीचा धूर पहिल्या रांगेच्या तोंडावर आणत होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सर म्हणजे अचूकता. सर म्हणजे मूर्तिमंत गणित." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मागच्या रांगेत होते. मी या शाळेची ग्रंथपाल. सरांचा नववीचा वर्ग आणि माझं ग्रंथालय यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही अर्ध्या विटेची. सरांचं गणित मी वर्षानुवर्षं त्या भिंतीतून ऐकलेलं आहे. अचूकता! त्या माणसाकडून एक साधा आकडा काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं होतं.

"सर, किती वाजले?" असं कोणी विचारलं, की ते मनगटावरचं चावीचं घड्याळ डोळ्यांजवळ नेत, मग लांब नेत, आणि म्हणत, "अकरा सत्तावीस ते अकरा एकोणतीस." हे उत्तर मिळेपर्यंत अकरा तीस झालेले असत. शिपायानं विचारलं, सर, तुमचं घर शाळेपासून किती दूर, तर "दीड किलोमीटर" एवढं म्हणायला त्यांची जीभ वळत नसे. "दीड म्हणजे काय गा? अर्ध्या किलोमीटरच्या हिशेबात दीड, का शंभर मीटरच्या हिशेबात दीड?" शिपाई बिचारा सरांचा विसरलेला डबा आणायला जायचं की नाही एवढंच ठरवत असे.

दुसऱ्यानं आकडा सांगितला तर तोही ते तसाच जाऊ देत नसत. थोडं थांबत, मान तिरकी करत आणि विचारत, "किती ते किती?" भाजीवाल्याला विचारत, डॉक्टरला विचारत. एकदा लग्नाच्या पंगतीत वाढप्याला विचारलं होतं, भात अजून किती वेळात येईल. तो म्हणाला, पाच मिनिटांत. सर म्हणाले, किती ते किती? वाढपी पुढच्या पानाकडे निघून गेला आणि सरांच्या पानात भात आलाच नाही. मुलांनी त्यांचं नावच 'कितीतेकिती' ठेवलं होतं. नाव त्यांना माहीत होतं. आवडतही असावं.

एकच गोष्ट त्यांना या छळातून सुटलेली वाटे. मधल्या सुट्टीत ते डबा उघडत आणि म्हणत, "पोळ्या तीन. या मोजल्या. मोजलेल्याला मर्यादा नसतात, मॅडम. मर्यादा फक्त मापलेल्याला." मग पोळ्यांची जाडी सारखी नसल्याबद्दल बोलत. स्वयंपाक ते स्वतःच करत. लग्न झालेलं नव्हतं. होईल कसं? मुलीकडच्यांनी वय विचारलं तेव्हा सर म्हणे वीस मिनिटं समजावत बसले, की वयाचं गणित वेगळं असतं. तीस वर्षांचा माणूस साडेएकोणतीस ते साडेतीस नसतो, तो तीस ते एकतीस असतो. मुलीचे वडील चहा न घेता उठले. ही गोष्ट सरांनीच मला सांगितली आणि शेवटी म्हणाले, "बरोबर होतं ना माझं?" बरोबर होतं. त्यांचं नेहमीच बरोबर असे, आणि त्या बरोबर असण्याचा कोणाला काडीचा उपयोग होत नसे.

वर्गात मात्र त्यांना कंठ फुटे. भिंतीपलीकडून आवाज येई, "वेग सगळ्यात जास्त कधी? अंतर मोठ्यात मोठं असेल आणि वेळ लहानात लहान असेल तेव्हा. आणि सगळ्यात कमी कधी? अंतर लहान, वेळ मोठी. उलटं घ्या, उलटं!" दरवर्षी पोरं तीच चूक करत. मोठं अंतर मोठ्या वेळेनं भागत, लहान लहानानं. मग सरांचं शाळेतलं मराठी सुटून घरचं बाहेर येई.

"मोठ्याले मोठ्यानं भागून राहिला का तू? लग्नाची जोडी जमवून राहिला का?"

"सर, पण मंग खरं उत्तर कोणतं?"

"हेच. या दोन्हीच्या मधात कुठेतरी."

"पेपरात तर एकच रिकामी जागा आहे ना, सर."

वर्ग हसे. सर हसत नसत. पेपर काढणाऱ्यांविषयी ते जे बोलत, ते मी ग्रंथालयातल्या मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून पंखा वाढवत असे.

एका वर्षी स्नेहसंमेलनाला पाहुणे यायचे होते आणि मुख्याध्यापिकांनी भाबडेपणानं सरांनाच विचारलं, पाहुणे किती वाजता पोचतील. सरांनी फळ्यावर गणित मांडलं. पाहुण्यांच्या घरापासूनचं अंतर कमीत कमी, जास्तीत जास्त. गाडीचा वेग तसाच. उत्तर आलं, दहा वाजून दहा मिनिटं ते अकराला पाच कमी. मुख्याध्यापिकांनी औक्षणाचं ताट घेतलेल्या मुलींना दहाला दहा मिनिटं असतानाच फाटकावर उभं केलं. ऊन तापलं. निरांजनं विझली, पुन्हा लावली. एक मुलगी चक्कर येऊन बसली, तिला लिंबूपाणी दिलं. पाहुणे सव्वाअकराला आले, ओठाला तर्रीचा लाल तवंग लागलेला. वाटेत तर्री-पोह्यांच्या गाडीवर थांबले होते. त्या मुलीची विचारपूस सरांनी केली नाही. ते आठवडाभर एकाच गोष्टीनं हैराण होते, की उत्तर वरच्या मर्यादेबाहेर गेलं कसं. शेवटी मला म्हणाले, "गृहीतक चुकलं, मॅडम. गाडी थांबणार नाही असं धरलं होतं."

असा हा माणूस. यावर मी हसले असते आणि विसरले असते. माझ्या धाकट्या भावाचं मरण या माणसाच्या घड्याळात सापडलं नसतं, तर.

सरांना एक खोड होती. नववीसाठी 'खरी' गणितं पाहिजेत म्हणून ते सकाळी शाळेआधी सक्करदऱ्याच्या बाजूच्या रस्त्यावर, चहाच्या टपरीपाशी उभे राहत. समोर विजेचे दोन सिमेंटचे खांब होते. एखादी गाडी पहिल्या खांबाशी आली की घड्याळाकडे पाहायचं, दुसऱ्या खांबाशी पोचली की पुन्हा पाहायचं, आणि सेकंद लिहून घ्यायचे. दोन खांबांमधलं अंतर त्यांनी पावलांनी धरलं होतं. एकशे चाळीस मीटर, जवळच्या दहापर्यंत. म्हणजे त्यांच्या भाषेत एकशे पस्तीस ते एकशे पंचेचाळीस. टपरीवाला त्यांना विचारत असे, "सर, ट्रॅफिक पोलिसात भरती झाले का?"

त्या सकाळी गिट्टी भरलेला एक टिप्पर आला. सरांनी पाहिलं, बारा सेकंद. ते लिहायला मान खाली घालतात न घालतात तोच टिप्परनं दुसऱ्या खांबाच्या पुढे, चौकात, एका दुचाकीला धडक दिली. दुचाकीवर माझा भाऊ होता. गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला होता, दुकान उघडायला निघाला होता. सर त्याला ओळखत होते. ग्रंथालयाची कपाटं हलवायची असली की मी त्यालाच शाळेत बोलावत असे.

मला फोन आला तो धंतोलीच्या दवाखान्यातून. मी पोचले तेव्हा सर व्हरांड्यात उभे होते. शर्टाची पुढची बाजू आणि पॅन्टच्या मांड्या रक्तानं वाळून कडक झाल्या होत्या. डॉक्टरांनी आत नेऊन सांगितलं ते सांगितलंच. बाहेर आल्यावर मी सरांना विचारलं, "त्याला त्रास झाला का? किती वेळ होता?"

"नाही, मॅडम. लगेच गेला. काही कळलंच नाही त्याला."

आईनं हे वाक्य माझ्याकडून ऐकलं, मग सर घरी आले तेव्हा त्यांच्याकडून पुन्हा ऐकलं. त्यानंतर घरी जो येई त्याला ती तेच सांगत असे. लगेच गेला म्हणतात मास्तर.

टिप्परच्या मालकानं चांगला वकील दिला. त्यांचं म्हणणं असं, की गाडी हळू होती आणि दुचाकीवाला एकदम आडवा आला. म्हणजे चूक माझ्या भावाची. दुकानातली माणसं कुजबुजली, नातेवाईक कुजबुजले, पोरं चालवतातच तशी. आईला बाकी काही नको होतं. चूक माझ्या लेकराची नव्हती, एवढं कोर्टानं म्हणावं, बस. त्या रस्त्यावर चाळीसच्या मर्यादेची पाटी होती. टिप्पर चाळीसच्या वर होता असं ठरलं असतं, तर बाकीचं आपोआप ठरलं असतं. सरकारी वकील आम्हाला म्हणाले, "तुमच्यासारखं नशीब कोणाचं असतं? साक्षीदारानं घड्याळ लावून गाडी मापलीय! एकशे चाळीस मीटर, बारा सेकंद. ताशी बेचाळीस. सरांनी फक्त बेचाळीस म्हणावं."

मी ग्रंथालयात सरांना चहा दिला आणि हे सांगितलं.

ते म्हणाले, "बेचाळीस कसं म्हणू? घड्याळाचे बारा म्हणजे साडेअकरा ते साडेबारा. एकशे पस्तीसला साडेबारानं भागा. तासाला अडतीस पूर्णांक नऊ येतात."

"पण बेचाळीस खोटं नाही ना, सर?"

"खरंही नाही. ते मधलं आहे, मॅडम. मधलं घडलंच असं कुठे असतं?"

"जास्तीत जास्त किती?"

"पंचेचाळीस पूर्णांक चार."

"मग ते सांगा."

"दोन्ही सांगावं लागेल."

आईनं हे ऐकलं तेव्हा तिला वाटलं, मीच नीट बोलले नसेन. ती म्हणाली, "चाल, मी येतो." आमच्याकडच्या जुन्या बायका अशाच बोलतात. आजोबा उमरेडला हातमागावर बसत, आई तिथलीच. ती सरांच्या खोलीत खाटेच्या कडेवर बसली आणि हात जोडले.

"मास्तर, तुमच्यापाशी घड्याळ होतं ना?"

"होतं, मावशी."

"गाडी जोरात होती ना?"

"जोरात होती."

"मंग तेच सांगून द्या ना. काहून नाही सांगत?"

"सांगतो, मावशी. पण वकील विचारीन, जोरात म्हणजे किती."

"तुमचा मुलगा असता तर?"

 सर बराच वेळ घड्याळाला चावी देत राहिले. चावी पूर्ण भरली होती, पुढे फिरत नव्हती, तरी ते फिरवत होते. मग म्हणाले, "अंतर मी पावलानं धरलं आहे. त्यात दहा मीटरचा घोळ आहे. टेपनं मापलं तर खालची मर्यादा वर येईल. येऊ शकते चाळीसच्या वर."

मला तेव्हा त्यांच्याविषयी पहिल्यांदा आणि शेवटचं बरं वाटलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं त्या रस्त्यावर गेलो. शाळेच्या मैदानाचा लांब टेप त्यांनी आणला होता. एक टोक मी पहिल्या खांबाला धरलं, सर टेप सोडत रस्त्याच्या कडेनं गेले, खडूची खूण केली, मी पुढे गेले, पुन्हा धरलं. टपरीवाला दुचाक्या अडवत होता, "भाऊ, दोन मिनिट, सरचं काम चालू आहे." मी मनात गणित करत होते. मला गणित येत नाही, पण एवढं मी पाठ केलं होतं. एकशे एकोणचाळीस मीटर निघाले तर साडेबारा सेकंदांनीही चाळीस ओलांडतात. एकशे एकोणचाळीस, एवढंच मी देवाकडे मागत होते.

सरांनी शेवटचा तुकडा मापला. ते उकिडवे बसले होते, चष्मा टेपला टेकला होता.

"एकशे अडतीस मीटर, साठ सेंटिमीटर."

मी विचारलं, "म्हणजे?"

त्यांनी खिशातून कागद काढला, भागाकार केला, पुन्हा केला. "एकोणचाळीस पूर्णांक नऊ."

फूटभर कमी पडलं होतं. फूटभर. मी खाली पाहिलं. सरांनी टेप खांबाच्या आतल्या कडेला टेकवला होता. माझ्या बाजूलाही त्यांनी मला आतल्या कडेलाच धरायला लावलं होतं.

मी म्हटलं, "सर, बाहेरच्या कडा धरा. खांबाची जाडी वीत-वीतभर आहे. दोन्ही खांबांची मिळून भरून निघेल. खांबही रस्त्याचाच आहे ना?"

"खालच्या मर्यादेला आतल्या कडा, मॅडम."

"आणि बाहेरच्या?"

"वरच्या मर्यादेला."

"कोणाला कळणार आहे?"

ते उठले, गुडघ्यांची धूळ झटकली आणि टेप गुंडाळायला लागले. "घड्याळाचं अर्धं सेकंद आहे ना, तेच खाऊन राहिलं सगळं," ते म्हणाले. "अंतर पुन्हा मापता आलं. ते बारा सेकंद आता कुठून आणू?" त्यांचा आवाज कापत होता. मला त्या कापण्याची कीव आली नाही. ज्याला फूटभर टेप सरकवता येत नाही, त्याचा आवाज कापला काय आणि न कापला काय.

कोर्टात आधी टपरीवाल्याची साक्ष झाली. तो म्हणाला, शंभरच्या वर होती गाडी. वकिलानं विचारलं, "तुम्ही कधी शंभरनं गेलात का?" तो म्हणाला, "मी सायकल चालवतो, साहेब." लोक हसले. त्याची साक्ष त्या हसण्यात गेली.

मग सर उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, जो मी आधी कधी पाहिला नव्हता.

वकील गोड आवाजात म्हणाला, "सर, आपण गणिताचे शिक्षक. आपली चूक होत नसेल."

"होते. जास्तीत जास्त किती होऊ शकते, ते मी काढतो."

"वा. मग टिप्परचा वेग किती होता?"

"एकोणचाळीस पूर्णांक नऊ ते त्रेचाळीस पूर्णांक पाच."

"म्हणजे चाळीसच्या खाली असू शकतो?"

आई माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझं मनगट धरलं होतं.

"असू शकतो," सर म्हणाले. "पण बहुतेक करून..."

"बहुतेक नको, सर. तो शब्द आपल्यालाच आवडत नाही, असं ऐकलंय."

एवढ्यावर संपलं. ड्रायव्हर संशयाचा फायदा मिळून सुटला. भाऊ आडवा आला की नाही, यावर कोर्ट काही बोललं नाही, म्हणून लोक बोलत राहिले.

त्यानंतर मी सरांशी कामापुरतं बोलले. ते पुस्तक परत करायला येत, मी घेत असे. ते दाराशी थोडे रेंगाळत, मी कपाटाकडे वळत असे. रस्त्यावर उभं राहणं त्यांनी सोडलं. भिंतीतून मला ऐकू येई, त्यांच्या गणितांमधून टिप्पर गेला, ट्रक गेला, मोटारसायकल गेली. मुंग्या आल्या. एक मुंगी भिंतीवर अमुक अंतर अमुक वेळात चढते. पोरं कंटाळली. एकानं विचारलं, "सर, मुंगी कुठी चालली?" सरांनी पुढचं गणित घातलं. मी भिंतीपलीकडे बसून मनात म्हणत असे, विचार त्यांना, किती ते किती मुंग्या मेल्या की एक माणूस होतो.

तर अशा माणसाची शोकसभा. मुख्याध्यापिकांनंतर आणखी तिघं बोलले आणि प्रत्येकानं अचूकता हा शब्द वापरला. दोन मिनिटं शांतता पाळायची होती, ती मिनिटभरात संपली. कोणाच्या लक्षात आलं नाही. सर असते तर त्यांच्या लक्षात आलं असतं.

फाटकाबाहेर टपरीवाला उभा होता. चांगला सदरा घालून आला होता, पण आत आला नव्हता.

"आत का नाही आलात?" मी विचारलं.

"आपलं काय काम तिथं, ताई. मोठी माणसं." मग म्हणाला, "गजब माणूस होता पण. लोक हसे त्याले, मीही हसो. पण त्या दिवशी तुमच्या भावाचं डोकं मांडीवर घेऊन जो बसला ना रोडवर, हललाच नाही. भाऊ म्हणे, मायले बोलवा. सर म्हणे, येऊन राहिली माय, निघाली, आलीच."

मी थांबले. "भाऊ म्हणे?"

"बोलत होता ना. पाणी मागे. मीच तर ग्लास आणला." तो माझ्या तोंडाकडे पाहू लागला. "तुमाले सरनं सांगितलं नाही?"

"किती वेळ?"

"बराच वेळ, ताई. दवाखान्याची गाडी येईपर्यंत."

"बराच म्हणजे? किती ते किती?"

ते शब्द माझ्या तोंडून गेल्यावर मला ऐकू आले. टपरीवाला हसला नाही.

"मोजून कोण राहिलं होतं, ताई. दहा मिनिट असन, पंधरा असन. सरच्या हातात घड्याळ होतं, त्याईनं पाहिलं असन."

पाहिलंच असणार. पाहिल्याशिवाय राहिलेच नसतील. केव्हापासून केव्हापर्यंत, ते त्या माणसाला सेकंदासकट माहीत असणार. तरी धंतोलीच्या व्हरांड्यात मी विचारलं तेव्हा त्यांनी ना घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, ना मान तिरकी केली. 'लगेच' म्हणाले.

घरी जाताना वाटेत मला संतापच येत राहिला. म्हणजे येत होतं खोटं बोलता! जमत होतं! आणि ते कुठे खर्च केलं या माणसानं? एका दवाखान्याच्या व्हरांड्यात, जिथे त्याचा कोणाला पुरावा लागत नव्हता, जिथे त्यानं काही सिद्ध होणार नव्हतं. तेच फूटभर खोटं त्या रविवारी टेपच्या टोकाला लावलं असतं, तर माझ्या भावावरचा ठपका पुसला गेला असता. दोन खांबांच्या बाहेरच्या कडा, एवढंच पाहिजे होतं. तेव्हा मर्यादा आडव्या आल्या.

आई ओट्याशी बसून शेंगा सोलत होती.

"झाली का वं सभा?"

"झाली."

"कोण कोण बोललं?"

"सगळे. चांगलं बोलले."

तिनं दोन-चार शेंगा सोलल्या. म्हणाली, "मी बहुत शिव्या दिल्या त्या मास्तरले. मनातल्या मनात. कोर्टात उभा राहून एक शब्द आपल्यासाठी वाकडा नाही बोलला तो. अर्धा शब्द नाही." मग दाणे वाटीत टाकत म्हणाली, "पण एक सांगू? त्याच्याच्यानं मले झोप लागते."

"कशी?"

"लेक लगेच गेला, त्याले काही समजलं नाही, असं तो म्हणाला ना मले, इथं उभा राहून. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, तर मी म्हटलं असतं, मायचं मन राखून राहिला. पण हा? देवाची शपथ घेऊन जो माणूस कोर्टात आपल्यासाठी खोटं नाही बोलला, तो मले काहून खोटं बोलन?"

ती माझ्याकडे पाहत होती. मी तिच्या पुढ्यातल्या शेंगा जवळ ओढल्या आणि एक फोडली.

"नाही बोलणार," मी म्हटलं.

"नाही ना वं?"

"नाही, आई. लगेचच गेला तो."